नमुना क्रमांक एकेचाळीस

ती आली तेव्हा तिचं नाव रेका होतं.
रिवणच्या बाजारात पोचेपर्यंत लोकांनी त्याची रेखा केली
आणि तिनंही हरकत घेतली नाही.
कार्पेथियन डोंगरातली सेकेय बाई,
हातात थर्मोकोलचा डबा, डब्यात साठ नळ्या,
आणि सोबत मी, शाळेतला मास्तर,
दिवसाला आठशे रुपयांवर दुभाषी.

अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही,
मग या रेघेपर्यंत थुंकायचं:
एवढंच वाक्य त्या आठवड्यात
दोनशे वेळा तरी कोकणीत सांगितलं.
कायतान थुंकला, गळ्यातल्या खुरसाला हात लावून.
त्याचा चुलत भाऊ पुर्सो थुंकला, तुळशीकडे पाठ करून.
पणज्यांच्या वेळी एका घराच्या दोन चुली झाल्या होत्या,
आड मात्र एकच राहिला, अजून आहे.
नळ्यांवर नुसते आकडे. तेवीस. चोवीस.

शाबली थुंकेना.
"भाटकाराच्या आंगणांत," ती म्हणाली,
"करटेंत उदक घालताले, वयल्यान,
म्हजी थुकी लागत म्हूण.
आतां तीच थुकी विमानान व्हरतली?"

मी भाषांतर केलं. पूर्ण नाही केलं.
भाटकार हा शब्द पलीकडे न्यायला
माझ्याकडे तेवढी मोठी नळी नव्हती.
शिवाय माझे आजोबा त्याच अंगणाच्या ओसरीवर
नारळांचा हिशेब लिहीत.

संध्याकाळी पणसायमळला, कुशावतीच्या काठी,
जांभ्यात कोरलेल्या चक्रव्यूहाशी
ती बूट काढून बसली.
बाहेरच्या रेघेत बोट घातलं
आणि बोट आत आत नेत बोलत राहिली.
आमच्याकडे लाकडावर अक्षरं कोरत,
उजवीकडून डावीकडे.
आजोबा म्हणायचे, आपण हूणांचे,
आतिलाचे घोडे आपल्या रक्तात पाणी पितात.
माझं नाव त्याच्या राणीचं.
मग माझा अहवाल आला.
शेजाऱ्यांचंच रक्त निघालं,
ज्यांच्याशी कुंपणावरून तीन पिढ्या बोलणं नाही, त्यांचं.
पूर्वेचं होतं जरासं, आमटीत हिंग असावा इतकं.

हिंग माझा. ती दुसराच कुठला मसाला म्हणाली होती.

बाबांनी कागद बायबलखाली सरकवला,
वर चष्मा ठेवला,
आणि दुसऱ्या दिवशी घोड्याला खरारा करताना
आतिला म्हणूनच हाक मारली त्याला.
घोड्यानं मान वळवली, ती म्हणाली.
त्याला कुठे अहवाल दाखवलाय.

तिचं बोट मध्यावर पोचलं.
तिथे एक खळगा, खळग्यात एक मुंगळा.

निघायच्या दिवशी शाबली आपणहून आली, तोंडात विडा.
यादीतला शेवटचा प्रश्न मी विचारला,
खाली मान घालून, वहीकडे बघत:
तुमची माणसं मूळची कुठून आली?

आमच्या घरात याचं उत्तर पाठ असतं.
उत्तरेकडून, अमुक नदीवरून, इतकी कुटुंबं,
देव डोकीवर घेऊन.

"आमी खंयच्यानूय येवंक नात," शाबली म्हणाली.
"दर्यो मागीर आयलो."
आणि थुंकली,
रेघेच्या वर, नळीच्या काठावरून, माझ्या मनगटावर.

मी हात पुसला नाही.
पुसायला निघालो होतो,
ती बघत होती.

रेकानं नळी उजेडात धरली.
पान, सुपारी, कात. नमुना बाद.
वहीत एकेचाळीससमोर फुली मारली
आणि फुलीशेजारी उजवीकडून डावीकडे
काहीतरी खरडलं. मी अर्थ विचारला नाही.
नळी तिनं शाबलीलाच परत दिली.

अहवाल अजून यायचे आहेत.
काल बाजारात शाबली पान लावत बसली होती.
नळी धुऊन तिनं त्यात चुना भरलाय,
आकड्याची चिठ्ठी अजून शाबूत.
"बूच बरें," ती म्हणाली, "सुकना."